आभाळ नसलेल्या रात्री

आमच्याकडे ‘आभाळ आलंय’ म्हणतात, तेव्हा ढग आलेले असतात. ढग नसले तर वर जे उरतं, निळं, कोरडं, तळपणारं, त्याला बोलण्यात फारशी जागा नाही. ‘उघाड आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. ही उघाड आठवडाभर टिकली की टपरीवरचा आवाज खाली येतो. पंधरवडा टिकली की माणसं एकमेकांना पावसाचं विचारायचं सोडून देतात. मी मात्र शाळेत असल्यापासून उघाडीवरच जगणारा छंद पोसत आलोय. सोलापूर जिल्ह्यात राहून हे करताना एक अवघडलेपण कायम सोबत असतं. ते आधीच सांगून टाकतो.

माझं आजोळ मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, काळ्या रानातलं. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लुटवली ती गोष्ट तिथल्या पोराला अक्षरओळखीच्या आधी कळते. शाळू ज्वारीचं रान, मैलोगणती सपाट, झाड शोधावं लागतं. चारी बाजूंना क्षितिज ताटाच्या कडेसारखं. मे महिन्यात जेवणं झाली की आम्ही पोरं वाकळा घेऊन माळवदावर जायचो. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरलेलं असायचं, ते पाठीला कळायचं. आणि डोळे वर केले की एवढे तारे, की कुठला कुठं हे समजायलाच वेळ लागायचा. गंमत म्हणजे, पुढं कित्येक वर्षं मला शहरातून नक्षत्रं ओळखणं सोपं गेलं आणि आजोळी अवघड. शहरात मोजकेच तारे उरतात, त्यामुळे आकृत्या चटकन जुळतात.

आज्जाला तारे माहीत होते, पण कामापुरते. कृत्तिकांचा पुंजका, तिकांडं म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे, पहाटेचा शुक्र. सप्तर्षी त्याच्या लेखी म्हातारीचं बाजलं, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे बाजलं पळवायला आलेले तीन चोर. मधल्या चोराच्या बगलेत एक बारीक चांदणी आहे, ती दिसली तर डोळे शाबूत, असं तो म्हणायचा. पुढं पुस्तकात वाचलं तर ते वसिष्ठ-अरुंधती निघाले. बाकी आज्जा वर बघायचा तो ताऱ्यांसाठी नाहीच. लांब कुठं वीज लवतेय का, वारा कुठल्या अंगानं सुटलाय, हे त्याचं बघणं. चंद्राला खळं पडलं की तो अंथरुणावर उठून बसायचा. उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे स्फटिक असतात, त्यांतून चंद्राचा उजेड २२ अंशांनी वळतो आणि ते कडं उमटतं. असे ढग पुष्कळदा पावसाच्या पुढं धावत येतात, त्यामुळे आज्जाचं उठून बसणं बिनबुडाचं नव्हतं. पण त्या ढगांनी बारीक तारे पुसून जायचे. आज्जा खुश, मी नाखुश. हा बेबनाव तेव्हापासूनचा.

एका गोष्टीनं मात्र मला फार छळलं होतं. आज्जा म्हणायचा, मृग निघाला की पेरणी. ७ जूनच्या आसपास ‘मृग निघाला’ म्हणून गावभर चर्चा. आणि मी रात्री वर बघावं तर मृग नक्षत्राचा पत्ता नाही! तेच तिकांडं, तोच व्याध, थंडीत हुरडा खाताना पूर्वेला ठणठणीत उभे. मग जूनमध्ये निघाला तो कोण? मास्तरांनी सांगितलं ते डोक्यावरून गेलं. शेवटी बाबांनी सोडवलं. बाबा सोलापुरात मिलमध्ये होते, शिकलेले सातवी. एकदा लाईट गेली असताना त्यांनी कंदील अंगणाच्या मधोमध ठेवला.

‘कंदिलाकडं तोंड कर. त्याच्या मागं काय दिसतंय?’

काही नाही, नुसता डोळ्यांत उजेड.

‘तिथं असतंय काय?’

न्हाणीचं दार.

‘आता चक्कर मारून पलीकडं जा. कंदिलाकडं पाठ कर.’

पाठ केली तर न्हाणीचं दार समोर, कडीकोयंड्यासकट. जूनमध्ये सूर्य मृगाच्या पुढ्यात उभा असतो म्हणून मृग दिसत नाही, आणि डिसेंबरात आपण फिरून उलट्या बाजूला आलेलो असतो म्हणून रात्रभर दिसतो. आज्जाचा मृग सूर्याचा होता, माझा रात्रीचा. मी त्या रात्री कंदिलाभोवती इतक्या चकरा मारल्या की आईनं ओरडून कंदील आत नेला.

सोलापुरातलं आमचं घर मिलच्या पलीकडच्या गल्लीत. शेजारी मागांची खटखट, उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी ओतायचं, स्लॅब फस्सकन वाफ सोडायचा, तासाभरानं गाद्या टाकायच्या. बाबा दुसऱ्या पाळीवरून परतले की थेट वर येत. त्यांच्या अंगाला कापसाच्या धुळीचा वास असे. हॅलेचा धूमकेतू आला त्या १९८६ सालच्या एप्रिलात त्यांनी मला पहाटे उठवलं, दक्षिणेला बोट केलं आणि विचारलं, ‘दिसला का?’ मी ‘हो’ म्हणालो. दिसला काहीच नव्हता. तो परत यायचा २०६१ साली, म्हणजे ती थाप आता निस्तरणं होणार नाही.

पहिली दुर्बीण आठवीत केली. या शहरानं मला तिचं सगळं सामान दिलं. कापडाचा तागा गुंडाळतात ती पुठ्ठ्याची जाड नळी एका कारखान्याच्या दारातून उचलून आणली. चष्मेवाल्याकडून अधिक एक नंबरचं भिंग घेतलं. या नंबरात प्रकाश बरोबर एक मीटरवर एकवटतो, म्हणून नळी मीटरभर. डोळ्याकडच्या बाजूला घड्याळजीचं जुनं भिंग, पाच सेंटिमीटर केंद्रांतराचं. शंभर भागिले पाच, वीसपट. हा भागाकार मी वहीच्या मागच्या पानावर केला होता आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या, जसं काही मीच शोध लावला.

पहिल्या रात्री चंद्र दिसला तो जांभळ्या-पिवळ्या कडांचा, फडक्यात गुंडाळल्यासारखा. एकाच भिंगातून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकवटतात, त्याचा हा प्रताप. मग भिंगावर पुठ्ठ्याची चकती बसवली, मधोमध जुन्या रुपयाएवढं भोक. उजेड कमी झाला, पण विवरं अशी कोरून निघाली की मी ‘आई गं’ म्हणालो ते खालपर्यंत ऐकू गेलं. गल्लीतलं पोर न पोर वर आलं. ‘काय बघलालास बे?’ म्हणत रांग लागली. शेजारच्या मागवाल्यांची तेलुगू अव्वाही जिना चढून आली. तिला एक डोळा मिटता येईना, म्हणून तिनं तो तळहातानं झाकला. ‘चंदमामा’ एवढंच म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ डोळा काढेना. त्याच नळीतून पुढं गुरूचे चार चंद्र दिसले, रोज जागा बदललेले. त्यांची चित्रं काढलेली वही अजून आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्लेली.

नंतरची वर्षं पटकन सांगतो. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आला. तो संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, थापा मारायची गरज नव्हती. बाबांची मिल त्याआधीच बंद पडली होती. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर लागलो, अजून तिथंच आहे. पुण्याला जाऊन आरसा घासायला शिकलो: काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, टेबलाभोवती फिरत घासत राहायचं. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. सहा इंची आरसा व्हायला मला सुट्टीच्या दिवसांचे पाच महिने लागले. शेवटी त्याच्या पृष्ठभागातली चूक केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्श्यात आणावी लागते, आणि ती हातानं येते, यावर माझा आजही पुरता विश्वास बसत नाही.

या आरशातून मी २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पाहिला. सुमारे साठ हजार वर्षांत तो पृथ्वीच्या इतक्या जवळ आला नव्हता, अंतर साडेपाच कोटी किलोमीटरांच्या थोडं वर. ऑगस्टात असलं काही जाहीर झालं की हौशी खगोलवाले कपाळाला हात लावतात, कारण ऐन पावसाळा. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस जवळजवळ नव्हताच. गच्चीवर पन्नासेक माणसं आली. मंगळाची दक्षिणेकडची पांढरी टोपी दिसली. मी हुशारीत होतो. गर्दीतल्या एका वयस्कर माणसानं डोळा लावला, बघितलं आणि बाजूला होत म्हणाला, ‘छान आहे. पण आज आभाळ पाहिजे होतं.’ त्याची जनावरं छावणीत होती, हे नंतर कुणीतरी सांगितलं.

त्याच्यानंतरची लोडशेडिंगची वर्षं माझ्यासाठी चैनीची गेली, हेही कबूल करून टाकावं. रात्री आठला अख्खा भाग अंधारात जायचा. लोक महावितरणच्या नावानं बोटं मोडायचे, मी दुर्बीण घेऊन जिन्यावर. गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा पुसट का होईना दिसायचा. आता वीज सुधारली आणि गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या एलईडीचा खांब आला. तो बरोबर माझ्या दक्षिणेला. दोरीवर दोन जाड सोलापुरी चादरी वाळत घातल्यासारख्या टांगून मी तो अडवतो. आमच्या चादरींचा हा उपयोग कुठल्याच जाहिरातीत नाही.

कॅमेरा आला बराच उशिरा, २०१४ साली, सेकंडहँड डीएसएलआर. तोवर मला वाटायचं, फोटो काढणं म्हणजे बघण्यात कुचराई. पहिल्याच थंडीत मृगाच्या तलवारीवर, म्हणजे तिकांड्याजवळच्या बारीक ताऱ्यांच्या ओळीवर, कॅमेरा रोखला, पाच सेकंद शटर उघडं ठेवलं. मधल्या ताऱ्यापाशी जो धुरकट ठिपका मी इतकी वर्षं राखाडी पाहत आलो होतो, तो मागच्या पडद्यावर गुलाबी. कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी गप्प बसतात, राखाडी तेवढं दिसतं. कॅमेऱ्याला ही अडचण नाही. साडेतेराशे प्रकाशवर्षांवर तारे जन्माला घालणारा तो तेजोमेघ गुलाबीच होता, पहिल्यापासून. मला कुणीतरी तीस वर्षं फसवलं होतं, आणि ते माझेच डोळे.

मग लागलं वेड. पृथ्वी फिरते तसं आकाश दोन मिनिटांत चंद्राच्या रुंदीएवढं सरकतं. त्यामुळे १८ मिलिमीटरच्या भिंगानं वीसेक सेकंदांच्या पुढं गेलात की ताऱ्यांच्या रेघा होतात. यावर इलाज म्हणजे आकाशाच्या वेगानं कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर, आणि त्याचा आस ध्रुवाकडं रोखावा लागतो. आता ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो जेवढा आपला अक्षांश. सोलापुरात साडेसतरा अंशांच्या आसपास. हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठीही भरत नाहीत. तेवढ्या खाली शहराचा सगळा धूर, धूळ आणि कुणाची तरी पाण्याची टाकी. मी कित्येक रात्री टाकीमागच्या ध्रुवाचा अंदाज बांधत काढल्या आहेत. याची भरपाई दक्षिणेला होते. मे महिन्यात रात्री नवाच्या सुमारास त्रिशंकू आणि त्याच्या डावीकडं मित्र-मित्रक आजोळच्या क्षितिजावर टेकलेले दिसतात. युरोपातल्या हौशी मंडळींना त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं.

पण मे महिना कॅमेऱ्याचा वैरी. उजेड टिपणारा सेन्सर तापला की अंधारातही त्यात आपोआप विद्युतप्रवाह तयार होतो; तापमान सहा ते आठ अंश वाढलं की तो साधारण दुप्पट. फोटोत लाल-निळी राई फुटल्यासारखी दिसते. श्रीमंत लोक थंड ठेवलेले कॅमेरे वापरतात. मी डोकं लढवलं: माठ कसा गार राहतो? ओल्या फडक्यानं. कॅमेऱ्याला ओलं फडकं गुंडाळलं. दोन रात्री सेन्सर खरंच थोडा गार राहिला. तिसऱ्या रात्री शटरचं बटण कायमचं दबलेलं राहिलं आणि कॅमेऱ्यानं बॅटरी संपेपर्यंत ट्रॅकरच्या पायाचे शेकडो फोटो काढले. दुरुस्तीचा खर्च ऐकून बायको काही बोलली नाही. तिनं नुसतं माठाकडं पाहिलं.

शेवटी सरळ मार्गाला लागलो. भिंगाला टोपण लावून तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच तापमानाचे काळे फोटो घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची राई कळते आणि ती वजा करता येते. भिंगावर पांढरं मांजरपाट ताणून रबर लावायचं आणि सकाळच्या आकाशाचे फोटो घ्यायचे. त्यात कडेचा अंधार आणि धुळीचे डाग पकडले जातात. आणि एकाच जागेचे पुष्कळ फोटो एकावर एक रचायचे. इथं वर्गमुळाचा हिशेब आहे: ६४ फोटो रचले तर चित्र आठपट स्वच्छ. दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट रात्र लागते. दिवसभर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला हे अजिबात परकं वाटलं नाही.

रात्र ठरवायला मी पंचांग बघतो. दाते पंचांग आमच्या सोलापूरचंच. आईला त्यातला संकष्टीचा चंद्रोदय हवा असतो, मला अमावास्या. ‘सगळी दुनिया अमावास्येला घरात बसते,’ आई दर महिन्याला म्हणते, ‘आणि हा बॅगा भरतोय.’ निघताना हातावर दही-साखर ठेवते ते ठेवतेच.

१६ ऑगस्ट २०२३, अधिक श्रावणातली अमावास्या. एरवी श्रावणात मी कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात घालून ठेवतो. त्या ऑगस्टात देशभरच पावसानं दडी मारली होती. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. तिन्हीसांजेला आजोळी पोचलो. माळवद पडून आता पत्रा आहे, म्हणून रानातच बस्तान मांडलं. तुरी गुडघ्याएवढ्या होऊन थांबलेल्या, बांधाला भेगा. पाय घसरून एका भेगेत ट्रायपॉडचा पाय टाचेपर्यंत गेला, आणि तो तिथं इतका घट्ट बसला की मी तसाच राहू दिला.

साडेआठला पुरता अंधार झाला. आणि समोर दक्षिणेला धनू आणि वृश्चिक, आकाशगंगेचा अगदी गाभा, ऐन माथ्याच्या वाटेवर. हा भाग या वेळेला, एवढा चढलेला, मी आयुष्यात कधी बघितला नव्हता, कारण या दिवसांत तो ढगांच्या मागं असतो. धुळीचा कण नाही हवेत. विंचवाच्या नांगीपासून ज्येष्ठा ताऱ्यापर्यंत काळे ओघळ, फांद्या फुटलेले. मी कॅमेरा लावला. मला उत्तम माहीत होतं की हे सगळं मला का दिसतंय. तरी हात भराभरा चालत होते.

चाळीसेक फोटो झाले असतील, तेवढ्यात बांधावरून बॅटरीचा झोत हलत हलत आला. मामा. त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती, बोअर चालते तेवढा वेळ चालवून तुरीला पाणी द्यायचं म्हणून ते जागे. एक फोटो गेला, मी दात आवळले. मामा बहात्तरचा दुष्काळ पोरवयात बघितलेले. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचे. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी लाल कागद लावलेली बॅटरी पेटवली आणि कॅमेऱ्याच्या मागचा पडदा त्यांच्यापुढं धरला. खरं तर दाखवायची लाज वाटत होती.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग जाड बोट पडद्यावर, बरोबर त्या काळ्या ओघळांवर ठेवलं.

‘हितं आभाळ आलंय व्हय?’

मी म्हणालो, ‘ढगच आहेत मामा. पण धुळीचे. मागचे तारे झाकलेत त्यांनी.’

‘नुसती धूळ?’

‘धुळीच्या कणांवर बर्फ असतो. पाण्याचा.’

‘पाणी हाय?’ त्यांनी पडद्यावरून डोळे काढले आणि थेट वर बघितलं, ज्येष्ठेच्या बाजूला, जिथं मी बोट केलं तिथं. ‘किती लांब?’

‘उजेडाला इथवर यायला चारशे वर्षं लागतात. त्याच्या वरच.’

मामा वर बघत राहिले. लांब कुठंतरी दुसऱ्या कुणाची मोटर सुरू झाली.

‘मग ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्टार्टरच्या पेटीकडं निघाले. जाताना त्यांनी बॅटरी विझवली होती. मी सांगितलं नव्हतं.

सगळे फोटो रचताना तो झोताचा फोटो मी बाजूला काढला. बांधाच्या काळ्या रेघेवर पिवळी नागमोडी ओळ आहे, आणि तिच्या वर अख्खी आकाशगंगा. बाकीच्या त्रेसष्टांचं जे चित्र झालं ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं. ते कारखान्यातल्या लोकांना दाखवलं, बाहेरगावच्या मित्रांना पाठवलं. आजोळच्या घरात मात्र मामांनी तो झोताचा फोटो मागून घेतला, आणि तो आता सोप्यात पंचांगाच्या खिळ्याला अडकवलेला आहे.